पुडीतला पाला आणि त्यावरचं केमिकल

गांजा विदर्भातल्या गावांना नवा नाही. नदीच्या घाटावर, यात्रेत, एखाद्या बाबाच्या धुनीजवळ चिलीम फिरताना पाहिली नाही असा म्हातारा माणूस आपल्याकडे शोधावा लागेल. त्यामुळे गांजाबद्दल गावाचं एक मत बनून गेलंय. गंजेडी सुस्त पडून राहतो, उगाच हसतो, दोन भाकरी जास्त खातो, कामाधंद्याचा राहत नाही. पण गांजा ओढून कोणी जागेवर मेला असं ऐकलं नाही. हे मत पूर्ण खरं नाही, कोवळ्या वयात गांजाने डोकं बिघडलेली पोरं मानसोपचार विभागात दिसतातच. तरी ते अनुभवातून आलेलं आहे. घोळ होतो तो पुढे. एका नव्या मालालाही हेच जुनं मत लावलं जातं. “गांजाच होय बे, फक्त केमिकलवाला,” असं सांगून एक पोट्टा दुसऱ्याला देतो, आणि दुसरा गांजाच्या अंदाजाने झुरका मारतो.

या मालाला शास्त्राच्या भाषेत सिंथेटिक कॅनाबिनॉइड म्हणतात. बाजारात स्पाइस, के-टू, ब्लॅक मांबा अशी कितीतरी नावं आहेत. आपल्या पानठेल्यावर खर्र्याच्या पन्न्यांशेजारी तो लटकलेला नसतो, हे खरं. पण गावचं पोरगं आज गावातच असतं असं कुठं आहे? ते पुण्याच्या होस्टेलवर असतं, हैदराबादला कामाला असतं, आणि पोळ्याला, दिवाळीला घरी येतं. येताना काय घेऊन आलं हे बापाला कळत नाही. चिलमीचा वास तरी बापाने ओळखला असता. हाच माल भरलेल्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, कांडीला तोही वास नाही.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण वर्गाबाहेर गाठून पोरं जो प्रश्न विचारतात तो मुळात रसायनशास्त्राचाच आहे: “सर, दोन्ही एकच ना?”

नाही. कसं नाही, ते नीट समजून घेऊ.

गांजाच्या झाडात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. राफेल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या दोन शास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये १९६४ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. तो मेंदूत जाऊन नक्की करतो काय, हे मात्र बरीच वर्षं कळत नव्हतं. पुढे दिसलं की मेंदूतल्या पेशींवर काही खास जागा आहेत, रिसेप्टर म्हणतात त्यांना, आणि टीएचसी तिथे जाऊन बसतो. नशेशी संबंध असलेल्या रिसेप्टरला सीबी-१ असं नाव पडलं. निसर्गाने हा रिसेप्टर काही गांजा ओढणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेला नाही. आपल्या शरीरात त्याच्यासाठी स्वतःची रसायनं तयार होतात. त्यातलं पहिलं, ॲनंडामाइड, १९९२ मध्ये सापडलं.

या रिसेप्टरचं काम आवर घालण्याचं आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत संदेश देत असतात. संदेशांचा मारा फार वाढला की ज्या पेशीवर मारा होतोय ती थोडं ॲनंडामाइडसारखं रसायन सोडते, ते संदेश पाठवणाऱ्या पेशीच्या सीबी-१ वर बसतं आणि मारा कमी होतो. काम झालं की शरीर ते रसायन लगेच मोडून टाकतं. जिथे गरज, तिथे आणि तेवढ्याच वेळापुरतं. आठवण, भीती, तोल, हालचाल, भूक, वेळेचं भान, अशा कितीतरी गोष्टींवर या व्यवस्थेची नजर असते.

टीएचसी आला की एकाच वेळी सगळीकडचे सीबी-१ चालू होतात. म्हणून वेळ लांबल्यासारखा वाटतो, आठवण अडखळते, भूक लागते. पण टीएचसीची एक मर्यादा आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. तो रिसेप्टरवर बसतो, पण त्याच्याकडून पूर्ण ताकदीने काम करून घेऊ शकत नाही. कितीही टीएचसी ओतलं तरी परिणाम एका पातळीला जाऊन अडतो. रसायनशास्त्रात याला आंशिक ॲगोनिस्ट म्हणतात. शिवाय झाडात सीबीडीसारखे इतर घटक असतात, ते टीएचसीला थोडंफार आवरतात. आणि श्वास चालवणारं मेंदूच्या तळाचं जे केंद्र आहे, तिथे सीबी-१ अगदी विरळ असतात. ‘गांजाने कोणी जागेवर मरत नाही’ या गावच्या अनुभवामागे ही कारणं आहेत.

सिंथेटिक कॅनाबिनॉइडमध्ये यातली पहिली दोन राहतच नाहीत. हे रेणू त्याच सीबी-१ वर बसतात, पण बहुतेक सगळे पूर्ण ॲगोनिस्ट आहेत, म्हणजे रिसेप्टरकडून शंभर टक्के काम करून घेतात. त्यांची पकडही कितीतरी पट घट्ट. टीएचसीला जिथे अडावं लागतं, त्याच्या पुढे यांची सुरुवात होते. सोबतीला सीबीडी नाही. काहींच्या बाबतीत तर यकृताने रेणू तोडल्यावर उरलेले तुकडेसुद्धा रिसेप्टरवर काम करत राहतात. जिथे सीबी-१ विरळ आहेत तिथला भरवसाही मग पुरत नाही, कारण माणूस श्वास थांबूनच मरतो असं थोडंच आहे? तो झटक्यांनी मरतो, हृदयाची लय बिघडून मरतो, बेशुद्धीत स्वतःची उलटी फुप्फुसात जाऊन मरतो. सिंथेटिक कॅनाबिनॉइडने झालेले मृत्यू डॉक्टरी नोंदींत आहेत, आणि ते एकदोन नाहीत.

हे आलं कुठून?

कोण्या गुंडाच्या डोक्यातून नाही, प्रयोगशाळेतून. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ सीबी-१ चा अभ्यास करण्यासाठी नवे रेणू बनवत होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे शेकडो रेणू बनवले आणि शास्त्रज्ञांच्या रीतीप्रमाणे कृतीसकट छापले. रेणूंना त्यांच्या नावाची आद्याक्षरं मिळाली. जेडब्ल्यूएच-०१८ हा त्यातला सगळ्यात बदनाम. हे माणसाला द्यायचं औषध नव्हतं, उंदरांवरच्या आणि परीक्षानळीतल्या प्रयोगांचं साहित्य होतं. पुढे हफमन यांनीच लोकांना जाहीरपणे बजावलं की हे ओढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण छापलेला निबंध कोणीही वाचू शकतो.

२००० नंतरच्या दशकात युरोपात ‘स्पाइस’ नावाची धुपाची पाकिटं विकली जाऊ लागली. वर लिहिलेलं असे, ‘माणसाने सेवन करण्यासाठी नाही’. विकणारा आणि घेणारा दोघंही मनात हसत असणार. आत वनस्पतींचा पाला आहे, सगळं नैसर्गिक आहे, असा प्रचार होता. २००८ च्या शेवटी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या तपासणीत त्या पाल्यावर जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. मग बंदी आली. बंदी एका विशिष्ट रेणूवर येते. बनवणाऱ्याने त्या रेणूची एक शेपटी बदलली, एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला, की तो कागदोपत्री नवा पदार्थ. त्यावर बंदी येईपर्यंत तिसरा तयार. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जेडब्ल्यूएच-०१८ ला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणलं, तोवर बाजार त्याला मागे टाकून कितीतरी पुढे गेला होता. युरोपच्या अंमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने आजवर असे २०० हून जास्त सिंथेटिक कॅनाबिनॉइड नोंदवले आहेत. चीनने २०२१ मध्ये या अख्ख्या कुळावरच बंदी घातली, तर कुळाच्या व्याख्येत न बसणारे रेणू आले.

या पळापळीत ओढणाऱ्याचं काय झालं, हे माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. कायदा चुकवायला जो नवा रेणू येतो तो माणसावर कधी तपासलेला नसतो. त्याची पहिली चाचणी ओढणाऱ्यावरच होते. आणि नवा रेणू जुन्यापेक्षा सौम्यच असेल असं कोणी ठरवलेलं नाही. बऱ्याचदा तो जास्त जहाल निघाला आहे.

आता पुडीकडे या. शुद्ध स्वरूपात हे रसायन पांढरी किंवा पिवळसर पावडर असते. ती उडून जाणाऱ्या द्रावणात विरघळवून कसल्याही वाळक्या पाल्यावर फवारतात. आपल्याकडे कपाशीवर फवारणी केलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. पंपातलं औषध नीट ढवळलं नाही की कपाशीच्या एका ओळीला नुसतं पाणी जातं आणि दुसऱ्या ओळीला सगळं औषध. एका झाडावरची अळी मरत नाही, शेजारचं झाड जळून जातं. पुडीतही तेच. एका चिमटीत जवळजवळ काहीच नसतं, दुसऱ्या चिमटीत चौपट. फरक एवढाच की कपाशीच्या औषधाच्या डब्यावर निदान नाव आणि मात्रा छापलेली असते. इथे पाकीट तेच, चित्र तेच, आणि आतलं रसायन मागच्या महिन्यातलं नाही.

म्हणून ‘मी याआधी ओढलंय, मला काही होत नाही’ हे वाक्य या मालाच्या बाबतीत निरर्थक आहे. दोघांनी एकाच पुडीतून ओढलं, एक हसत बसला आणि दुसऱ्याला झटके आले, असं घडू शकतं. गांजा समजून घेतलेल्या पाल्यावरही हे फवारलेलं असू शकतं. टीएचसी जवळजवळ नसलेल्या हलक्या भांगेवर सिंथेटिक मारून ती चांगला गांजा म्हणून विकल्याचे प्रकार २०२० पासून युरोपात उघड झाले आहेत. व्हेपचंही तसंच. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठाने शाळांतून जप्त केलेले व्हेप तपासले, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: साधारण सहातल्या एका व्हेपमध्ये स्पाइस होतं. आपल्या देशात ई-सिगारेटवर २०१९ पासून पूर्ण बंदी आहे, म्हणजे जो व्हेप हातात येतो तो चोरीछुपेच आलेला असतो. आत काय भरलंय याची हमी कोण देणार?

ओढल्यावर काय होतं

आधी एक कबूल केलं पाहिजे. सगळ्यांनाच पहिल्याच वेळी भयंकर अनुभव येत नाही. अनेकांना नुसतीच तीव्र, थोड्या वेळाची नशा येते, गांजासारखीच पण झटक्यात चढणारी. तसं नसतं तर कोणी दुसऱ्यांदा हात लावला नसता. शाळेत जाऊन ‘एक झुरका आणि खेळ खल्लास’ असं भाषण ठोकणारे पाहुणे इथेच फसतात. ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याने ओढलेलं असतं, त्याला काही झालेलं नसतं, आणि त्याचा पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

पण ज्यांना झालं, त्यांच्या सांगण्यात देशोदेशी कमालीचं साम्य आहे. सगळ्यात आधी वेग. गांजा चढायला थोडा वेळ घेतो, माणसाला आपण कुठे चाललोय ते कळतं. हे एकदोन मिनिटांत येतं, कधी धूर बाहेर सोडेपर्यंत. छाती धडधडायला लागते, इतकी की ठोके कानात ऐकू येतात. मग भीती. नुसती घाबरगुंडी नाही, तर ‘मी आत्ता मरतोय’ अशी खात्री. अनेकजण सांगतात की वेळ थांबला, किंवा एकच क्षण पुन्हापुन्हा घडत राहिला, आणि यातून आपण कधीच बाहेर येणार नाही असं वाटलं. हात उचलायचा आहे पण उचलत नाही, बोलायचं आहे पण तोंडातून शब्द येत नाही. समोरचा मित्र ओळखू येत नाही, किंवा तो आपल्या जिवावर उठलाय असं वाटतं. मग उलट्या, एकामागून एक. काहींना यातलं पुढे काहीच आठवत नाही. त्यांना फक्त दवाखान्यातलं छत आठवतं.

बाहेरून पाहणाऱ्याला वेगळंच दिसतं. पोरगं उभ्याउभ्या ताठ होतं, डोळे उघडे पण नजर शून्यात, हाक मारली तर ओ नाही, मधूनच कण्हल्यासारखा आवाज. १२ जुलै २०१६ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात भर रस्त्यावर ३३ माणसं अशी झाली. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘झोंबी’ म्हटलं. नंतर तपासणीत एएमबी-फुबिनाका नावाचा रेणू सापडला, टीएचसीपेक्षा सुमारे ८५ पट जोरदार. दुसरं रूप याच्या उलट: अंगात दहा माणसांचं बळ, ओरडणं, कपडे फाडणं, भिंतीवर डोकं आपटणं. तिसरं म्हणजे फिट येणं. एकाच माणसात तिन्ही रूपं तासाभरात दिसू शकतात.

आपल्या गावात हे घडलं तर पाहणारे याचा अर्थ काय लावतील, याची मला जास्त काळजी वाटते. एक अर्थ ठरलेला आहे: बाहेरचं काहीतरी लागलं, उतारा करा, अमुक बाबाकडे न्या. दुसरा अर्थ मित्रमंडळींचा: जास्त झाली, झोपू द्या, सकाळी उतरेल. सोबत लिंबू पाजा, ताक पाजा, अंगावर पाण्याची बादली ओता. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते पोटात जाण्याऐवजी श्वासनळीत जाऊ शकतं, आणि उताणं झोपवलेल्याने उलटी केली तरी तेच होतं. ओढलेल्या रसायनातून वाचलेलं पोरगं ताकाने दगावू शकतं.

नशा उतरल्यावर सगळं संपतं असंही नाही. मूत्रपिंडावरचा परिणाम ही लोकांना सगळ्यात अनपेक्षित वाटणारी गोष्ट. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये सहा राज्यांतले १६ रुग्ण नोंदवले. बहुतेक तरुण, धडधाकट, आधी मूत्रपिंडाचा काही आजार नसलेले. ओढल्यानंतर उलट्या आणि पोट-कंबर दुखणं एवढंच घेऊन आले होते, आणि तपासलं तर मूत्रपिंडं बंद पडत चाललेली. काहींना डायलिसिसवर ठेवावं लागलं. हृदयाचं उदाहरण २०११ चं, टेक्सासमधलं: १६ वर्षांच्या तीन मुलांना के-टू ओढल्यावर हृदयविकाराचा झटका आला. सोळाव्या वर्षी!

भेसळीची गोष्ट वेगळीच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सिंथेटिक ओढणारी माणसं नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातंय म्हणून दवाखान्यात येऊ लागली. दीडशेहून जास्त रुग्ण झाले, काही मेले. मालात ब्रोडिफॅकूम मिसळलेलं होतं. आपण शेतात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचे केक टाकतो ना, त्याच जातीचं त्याहून जहाल विष. रक्त गोठू न देणारं. ते शरीरात इतके दिवस टिकतं की वाचलेल्यांना कित्येक महिने व्हिटॅमिन के घ्यावं लागलं. आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये ‘कुश’ नावाच्या अशाच पाल्याने एवढी पोरं रस्त्यावर आणली की तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्यात सिंथेटिक कॅनाबिनॉइडबरोबर नायटाझीन नावाची, अफूच्या धर्तीवरची अतिजहाल कृत्रिम रसायनंही सापडली.

डोक्यावरचा परिणाम कधी रेंगाळतो. आवाज ऐकू येणं, कोणीतरी मागावर आहे असं वाटणं, घरच्यांवरच संशय. बहुतेकांत हे काही तासांत किंवा दिवसांत निवळतं, काहींत आठवडे राहतं. घरात आधी कोणाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल तर धोका जास्त, आणि वय जितकं कोवळं तितकाही जास्त.

दवाखान्यात काय सांगायचं

शुद्ध हरपली, फिट आली, छातीत दुखतंय, श्वास अनियमित आहे, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत पोराला कुशीवर वळवून ठेवा, तोंडातलं बोटाने काढू नका, मान खाली करून आपोआप बाहेर पडू द्या, दातात चमचा घालू नका, काही पाजू नका, कांदा-चप्पल नाकाला लावत बसू नका. अंगावर येत असेल तर पाचजणांनी मिळून त्याला दाबून धरू नये. आवाज कमी, गर्दी कमी, उजेड कमी, आणि एकच ओळखीचा माणूस हळू बोलत राहील असं पाहा. दाबून धरलेलं शरीर जास्त झटापट करतं, ताप चढतो, स्नायू फाटतात आणि त्याचा भार परत मूत्रपिंडांवरच पडतो.

डॉक्टरला खरं सांगा. हे नेहमीच सांगितलं जातं, पण आपल्या भागात त्याला एक खास कारण आहे. वीस-बावीस वर्षांचं पोरगं बेशुद्ध, उलट्या, झटके अशा अवस्थेत आलं की यवतमाळ-वाशीमकडच्या कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिली शंका फवारणीच्या औषधाची येते. यायलाच पाहिजे, आपल्याकडे ते रोजचं आहे. त्या विषबाधेवर ॲट्रोपिन देतात, आणि ॲट्रोपिनने हृदयाचे ठोके वाढतात. सिंथेटिक ओढलेल्याचे ठोके बहुधा आधीच वाढलेले असतात. डॉक्टर बाहुल्या, नाडी, घाम, लाळ बघून फरक करतातच, पण सोबतच्या मित्राने ‘काही नाही घेतलं त्याने’ म्हटलं की मोलाचा वेळ जातो. जे ओढलं त्याची पुडी किंवा व्हेप उरला असेल तर सोबत न्या.

यावर उतारा म्हणून इंजेक्शन नाही. अफूच्या नशेवर नॅलोक्सोन चालतं, इथे त्याचा उपयोग होत नाही. झटके आणि भडकलेलं डोकं शांत करायला लोराझेपाम किंवा मिडाझोलामसारखं औषध, शिरेतून सलाईन, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचा अंदाज देणारं क्रिएटिनिन तपासणं, आणि लक्ष ठेवणं. बहुतेकजण यावर बरे होतात. हे सगळं ग्रामीण रुग्णालयात सुरू करता येतं. लघवी कमी झाली, रक्तस्राव दिसला किंवा शुद्ध परत येत नसेल तर पुढे पाठवावं लागतं: सेवाग्राम, यवतमाळचं सरकारी, नाही तर नागपूरचं मेडिकल.

एक गैरसमज मात्र दवाखान्याच्या दारातच होतो. लघवीत गांजा तपासायची जी साधी पट्टी मिळते ती टीएचसीचे अवशेष शोधते. सिंथेटिकचा रेणू वेगळा, त्यामुळे चाचणी निगेटिव्ह येते. बाप सुस्कारा सोडतो, पोरगं सुटतं. किंबहुना काही देशांत नोकरीतली, तुरुंगातली चाचणी चुकवायलाच लोक याकडे वळले. चाचणी निगेटिव्ह आली याचा अर्थ एवढाच की गांजा नव्हता.

दवाखान्यात न नेण्याचं सगळ्यात मोठं कारण पोलिसांची भीती. ती निराधार नाही. विषबाधेचा रुग्ण म्हणून दवाखाना पोलिसांत नोंद करू शकतो, आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात नशेचा पदार्थ सेवन करणं हाही गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याच्या आरोपातला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्या आरोपासाठी त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. विकणाऱ्याला हे कलम लागू नाही. गावातल्या वकिलांनाही हे कलम नेहमी आठवतं असं नाही, म्हणून लिहून ठेवलं.

सवय लागलेल्यांबद्दल. गांजाची सवय सुटताना चिडचिड होते, झोप येत नाही. सिंथेटिकचं प्रकरण याहून पुष्कळ जड. नशा लवकर उतरते म्हणून पुन्हा ओढावं लागतं. पूर्ण ॲगोनिस्टच्या माऱ्याने मेंदू सीबी-१ रिसेप्टर आत ओढून घेतो, म्हणून दरवेळी जास्त लागतं. नेहमी ओढणारे सांगतात की रात्री मधेच जाग येते ती ओढण्यासाठीच. अचानक बंद केलं तर घामाने अंथरूण भिजणं, मळमळ, हातांचा थरकाप, भयानक स्वप्नं, छातीत धडधड, आणि काहींना फिटसुद्धा. पोराला घरी आणून खोलीत कोंडायचं आणि ‘आठ दिवसांत सुटेल’ म्हणायचं, ही आपल्याकडची रीत म्हणून इथे धोक्याची आहे. पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली जायला हवेत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, सेवाग्राम आणि नागपूरला मानसोपचार विभाग आहेत. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं, आणि फोन पोरानेच केला पाहिजे असं नाही. आई, बाप, भाऊ, कोणीही केला तरी चालतो.